दुग्धशर्करेची असहिष्णुता आणि लॅक्टेजच्या गोळ्या : गरज, मात्रा व मूल्य

आयुर्वेदाने दुधाला जीवनीय द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे, हे वाचकांस विदित आहेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील गोरसवर्गात गाईच्या दुधाचे जे दहा गुण वर्णिले आहेत तेच ओजाचेही गुण होत. म्हणून दूध ओजोवर्धक ठरते. अनुपान, क्षीरपाक, बस्तिद्रव्य, रसायनकल्प आणि प्रसूतेचे पथ्य अशा सर्व ठिकाणी आपल्या चिकित्सेत दुधाचे स्थान अढळ आहे. तरीही “वैद्यराज, दूध सोडून दुसरे काहीही सांगा” असे म्हणणारा रुग्ण प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतोच. दूध प्यायल्यावर तासा-दीड तासात पोट फुगते, गुडगुडते, कळ येते आणि शौचास पळावे लागते, अशी त्याची तक्रार असते.

अलीकडे अशा रुग्णांच्या हाती एक नवी वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे लॅक्टेजची गोळी. कोणाला ती परदेशस्थ मुलाने पाठविलेली असते, कोणी ती शहरातील मोठ्या औषधालयातून आणलेली असते. गोळी गुण देते, परंतु ती महाग पडते, आणि ही अवस्था बहुधा जन्मभराची असल्याने खर्चही जन्मभराचा होऊन बसतो. प्रस्तुत लेखात आम्हांस या गोळीचा पुरस्कार करावयाचा नाही आणि निषेधही करावयाचा नाही. गोळी रुग्णाला खरोखर हवी आहे काय, हवी असल्यास किती हवी, आणि तेवढी ती कमीत कमी खर्चात कशी मिळेल, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाला आपल्या वैद्याकडून मिळावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

दुधात प्रथिने, स्नेह व क्षार यांबरोबर एक विशिष्ट शर्करा असते. तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. गाईच्या वा म्हशीच्या दुधात तिचे प्रमाण शेकडा पाचच्या जवळपास असते. म्हणजे २०० मिलिलीटरच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करांच्या जोडणीतून ती बनलेली असते आणि जोडलेल्या स्थितीत ती आतड्यातून शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अंतःस्तरावर असणारे लॅक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) ही जोडणी तोडते. हे विकर अपुरे असले की शर्करा तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तेथे पाणी ओढून धरते, आणि तेथील जिवाणू ती आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही रुग्णांत मिथेन हे वायू निर्माण करतात. आध्मान, आटोप, शूल आणि द्रवमलप्रवृत्ती या लक्षणांची उपपत्ती ही अशी आहे.

तान्ह्या बाळात लॅक्टेज विपुल असते. स्तनपान सुटल्यानंतर बहुसंख्य मानवांत ते हळूहळू कमी होत जाते. जगातील प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांत दुग्धशर्करेचे पचन अपुरे असते असा अंदाज आहे. तेव्हा याला रोग म्हणण्यापेक्षा मानवाची एक स्वाभाविक अवस्था म्हणणे अधिक युक्त. ज्यांच्यात लॅक्टेज प्रौढपणीही टिकून राहते, त्यांच्यात त्या विकराच्या जनुकाजवळ एक छोटा बदल झालेला असतो. हा बदल फिनलंडमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिला. भारतीयांत आढळणारा प्रमुख बदलही तोच आहे, वायव्य भारतात त्याचे प्रमाण अधिक असून दक्षिणेकडे व पूर्वेकडे ते घटत जाते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

याशिवाय एक दुय्यम प्रकार आहे. तीव्र अतिसार, जंतुजन्य आंत्रशोथ, जिआर्डियासारखे कृमी-परोपजीवी अथवा गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक विकार यांत आतड्याचा अंतःस्तर दुखावतो आणि लॅक्टेज तात्पुरते घटते. मूळ कारण दूर झाले की बहुतेकांत ते काही आठवड्यांत पूर्ववत होते. अशा रुग्णाला कायमची गोळी सांगणे व्यर्थ होय.

ग्रंथोक्त सात्म्यविचार

हा विषय आपल्या शास्त्राला परका नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात देशपरत्वे सात्म्य सांगताना सिंधुदेशीयांना दूध सात्म्य असते, पूर्वेकडील लोकांना मत्स्य सात्म्य असतो, आणि अश्मक व अवंती येथील लोकांना तैल व अम्ल सात्म्य असते, असा भेद केलेला आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश. आजच्या मराठवाड्याशी त्याचे नाते उघड आहे. जनुकांची कल्पना ग्रंथकारांस होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु एकच दूध एका प्रदेशातील माणसाला बल देते आणि दुसऱ्या प्रदेशातील माणसाला उपद्रव करते, हे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवले होते आणि वायव्येकडील लोकांना त्यांनी क्षीरसात्म्य म्हटले होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ‘दूध चांगले, म्हणून प्यावेच’ हा आग्रह शास्त्राला धरून नाही. द्रव्य श्रेष्ठ असले तरी ते त्या पुरुषाला सात्म्य आहे काय, हे पाहणे वैद्याचे काम आहे.

प्रसूतेच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया प्रेमाने दोन्ही वेळा पेलाभर दुधातून शतावरीकल्प देतात. तिला आध्मान होते, द्रवमल होतो, आणि दोष शतावरीवर येतो. काही वेळा तर औषधच बंद केले जाते. कल्प तोच ठेवून अनुपान बदलले की तक्रार थांबते, असा अनुभव आम्हांस अनेकदा आला आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट. दूध उकळल्याने अथवा क्षीरपाक केल्याने दुग्धशर्करा नष्ट होत नाही. क्षीरपाकात द्रव्याच्या आठपट दूध व दुधाच्या चौपट पाणी घालून दूधमात्र शेष ठेवतात; पाणी आटते, शर्करा होती तेवढीच राहते. शुंठी, पिंपळी यांनी अग्निदीपन होते, वातानुलोमन होते आणि रुग्णास काहीसे बरेही वाटते, परंतु शर्करेची जोडणी त्यांनी तुटत नाही.

निदान

निदानासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची परीक्षा सर्वांत विश्वसनीय मानली जाते. रुग्णास २५ किंवा ५० ग्रॅम दुग्धशर्करा पाण्यातून देऊन ठरावीक अंतराने श्वास तपासतात. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्षात २० भागांनी वा अधिक वाढल्यास परीक्षा सकारात्मक समजतात. मोठ्या शहरांतील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांकडे ही सोय असते. जेथे ती नाही तेथे बिनखर्चाची पद्धत पुरेशी आहे. दोन आठवडे दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण वर्ज्य करावेत आणि लक्षणे वहीत टिपावीत. नंतर सकाळी अनशेपोटी २०० मिलिलीटर साधे दूध देऊन पुढील चार तासांतील लक्षणे टिपावीत. वर्ज्यकाळात लक्षणे थांबली आणि दुधाने पुन्हा उद्भवली, तर कार्यापुरते निदान झाले. दोन आठवडे दूध सोडूनही लक्षणे तशीच राहिली, तर कारण दुसरे आहे. तेथे गोळीवर रुपयाही खर्चू नये.

वजन घटणे, मलातून रक्त जाणे, ताप, पांडुता, रात्री झोपेतून उठवणारा अतिसार, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास दुग्धशर्करेचे नाव घेऊन थांबू नये. आंत्रक्षय, आतड्याचे शोथजन्य विकार आणि अर्बुद यांचा विचार करून रुग्णास त्वरित पुढील तपासणीस पाठवावे.

गरज किती?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञपरिषदेने २०१० साली या विषयाचा आढावा घेतला. असहिष्णुता असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम दुग्धशर्करा फारशा त्रासावाचून सोसते, असा दोन्हींचा निष्कर्ष होता. जेवणाबरोबर घेतल्यास सहनशक्ती आणखी वाढते. अर्थात काही रुग्णांना याहून कमी मात्रेनेही त्रास होतो. म्हणून गोळीची गरज ठरविण्यापूर्वी रुग्णाच्या आहारातील दुग्धशर्करेचा हिशेब मांडावा. आपल्याकडील पदार्थांतील स्थूल प्रमाणे अशी :

— चहा, ५० मिलिलीटर दूध घातलेला : सुमारे २.५ ग्रॅम.
— दूध, एक पेला (२०० मिलिलीटर) : सुमारे १० ग्रॅम.
— दही, १०० ग्रॅम : ३ ते ४ ग्रॅम. विरजणाने काही शर्करा घटते आणि दह्यातील सजीव जिवाणूंचे विकर उरलेल्या शर्करेच्या पचनास हातभार लावते.
— ताक : दह्यात जेवढे पाणी घालावे तेवढे प्रमाण कमी.
— चक्का : टांगून ठेवल्यावर निथळणाऱ्या पाण्याबरोबर बरीच शर्करा निघून जाते, श्रीखंडातील गोडी मुख्यतः घातलेल्या साखरेची.
— पनीर, १०० ग्रॅम : २ ते ३ ग्रॅम.
— तूप : नाममात्र.
— खवा, ५० ग्रॅम : १० ग्रॅम वा अधिक. बासुंदी, रबडी व पेढे यांतही दूध आटलेले असल्याने प्रमाण बरेच असते.
— दूधभुकटी : साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत जवळजवळ निम्मी दुग्धशर्करा असते. बिस्किटे व तयार सूपमिश्रणे यांतून ती नकळत पोटात जाते.

ही यादी रुग्णापुढे ठेवली की चित्र पालटते. दोन वेळचा चहा, दुपारचे ताक, वरणभातावरचे तूप, यांपैकी कशालाही बहुधा गोळी लागत नाही. गोळी लागते ती कोजागरीच्या मसाला दुधाला, लग्नातील बासुंदीला, आणि पेलाभर दूध अनुपान म्हणून घेणे अपरिहार्य असेल तेव्हा. दिवसाला तीन गोळ्या घेणारा रुग्ण महिन्याला सहा-सात गोळ्यांवर येऊ शकतो. सर्वांत मोठी बचत ही आहे आणि ती औषधालयात नव्हे, चिकित्सालयात होते.

गोळीत असते काय?

गोळीतील लॅक्टेज बहुधा ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून मिळविलेले असते. जपानी लोक तांदूळ व सोयाबीन आंबविण्यासाठी शतकानुशतके ही बुरशी वापरीत आले आहेत. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने याच बुरशीपासून मिळविलेल्या डायस्टेजचे अमेरिकी एकस्व १८९४ साली घेतले होते. बुरशीजन्य लॅक्टेज आम्ल माध्यमात कार्य करते, म्हणून ते अन्नाबरोबर जठरात मिसळून शर्करेचे विघटन करते. दुसऱ्या प्रकारचे लॅक्टेज क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या किण्वापासून मिळते. ते उदासीन माध्यमात कार्य करते, म्हणून दुग्धशर्करामुक्त दूध तयार करताना ते दुधातच मिसळतात. या दोहोंची अदलाबदल करू नये. जेवणाबरोबरची गोळी पेल्यातील दुधात विरघळवून ठेवल्याने फारसा लाभ होत नाही. तसेच विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने निकामी होते. कढत दुधात गोळी चुरून घालणे म्हणजे ती वाया घालविणे होय.

गोळी घेण्याची वेळ महत्त्वाची आहे. पहिल्या घासाबरोबर वा घोटाबरोबर ती घ्यावी. जेवण लांबले आणि पुढेही दुधाचे पदार्थ असले, तर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा घ्यावी. लक्षणे सुरू झाल्यानंतर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही, कारण तोवर शर्करा पुढे सरकलेली असते.

‘जेनेरिक’ या शब्दाचा येथील अर्थ

२००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेमुळे ‘जेनेरिक’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. सर्वसाधारण औषधात जेनेरिक निवडणे सोपे असते : द्रव्य तेच, मिलिग्रॅम तेवढेच, नाव वेगळे. विकराच्या बाबतीत मात्र मिलिग्रॅम पुरेसे नाहीत. विकराचे बल त्याच्या वजनावर नव्हे, कार्यशक्तीवर मोजतात. लॅक्टेजची कार्यशक्ती ‘एफसीसी एकक’ या मापाने सांगितली जाते. फूड केमिकल्स कोडेक्स या मानकग्रंथाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले आहे. बाजारात एका गोळीत ३०००, ४५०० वा ९००० एकके आढळतात. लॅक्टेजमुळे दुग्धशर्करेचे पचन सुधारते असा दावा वेष्टनावर करावयाचा असल्यास दुग्धशर्करायुक्त प्रत्येक जेवणाबरोबर किमान ४५०० एकके घेण्याची सूचना असली पाहिजे, अशी अट युरोपीय संघाने २०१२ च्या नियमांत घातली आहे. आपल्या कामासाठी हा आकडा उत्तम मापदंड आहे.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडे या गोळ्या पुष्कळदा आहारपूरक म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर विकल्या जातात. औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारा २०१३ चा आदेश आहारपूरकांना लागू होत नाही. विक्रेता छापेल ती कमाल किंमत. म्हणून येथे स्वस्त वस्तू शोधून काढण्याची जबाबदारी रुग्णावर आणि पर्यायाने त्याच्या वैद्यावर येते.

हिशेब सोपा आहे. गोळीतील एककांना गोळ्यांच्या संख्येने गुणावे, म्हणजे वेष्टनातील एकूण एकके मिळतात. किमतीला त्या संख्येने भागून हजाराने गुणावे, म्हणजे हजार एककांची किंमत कळते. समजा (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत), पहिल्या वेष्टनात ३००० एककांच्या १० गोळ्या असून किंमत १२० रुपये आहे. एकूण ३०,००० एकके, म्हणजे हजारास ४ रुपये. ४५०० एककांसाठी दोन गोळ्या, म्हणजे २४ रुपये. दुसऱ्या वेष्टनात ९००० एककांच्या ६० गोळ्या असून किंमत ९०० रुपये आहे. एकूण ५,४०,००० एकके, म्हणजे हजारास सुमारे १ रुपया ६७ पैसे. मध्ये रेघ असलेली गोळी अर्धी केल्यास ४५०० एकके साडेसात रुपयांत मिळतात. तिसऱ्या वेष्टनात अनेक विकरांचे मिश्रण असलेल्या ३० गोळ्या ३०० रुपयांस मिळतात, पण एका गोळीत लॅक्टेज केवळ २०० एकके आहे. एकूण ६०००, म्हणजे हजारास ५० रुपये. ४५०० एककांसाठी तेवीस गोळ्या घ्याव्या लागतील! दर्शनी किंमत पाहणारा रुग्ण पहिले वेष्टन उचलतो. गोळीमागे दर पाहणारा तिसऱ्यालाही स्वस्त समजतो. एककांमागे दर पाहणारा मात्र दुसरे निवडतो.

मोठे वेष्टन घेताना एक मर्यादा पाळावी. उष्णता व आर्द्रता यांनी विकराचे बल घटते. कोकणासारख्या दमट हवेत बाटली घट्ट झाकून, थंड व कोरड्या जागी ठेवावी. वर्षभरात ज्याला वीसच गोळ्या लागतात, त्याने शंभरांची बाटली घेऊन मुदत उलटू देण्यात बचत नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून न फोडलेल्या पट्ट्या वाटून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

वेष्टन वाचताना

आमच्याकडे येणारे एक निवृत्त लिपिक पुतण्याने अमेरिकेतून आणलेल्या ९००० एककांच्या गोळ्या दोन वर्षे घेत होते आणि त्यांना उत्तम गुण होता. बाटली संपली तेव्हा त्यांनी गावातील दुकानात ‘पचनाचे एन्झाइम’ मागितले. त्यांना मिळालेल्या पाचक औषधात डायस्टेज व पेप्सिन होते. डायस्टेज पिष्टमय पदार्थ पचविते, पेप्सिन प्रथिने पचविते. दुग्धशर्करेशी दोहोंचा संबंध नाही. त्रास अर्थातच परतला आणि ‘अमेरिकेचे औषध ते अमेरिकेचेच’ असा ग्रह त्यांनी करून घेतला. पुढील बाटली येईपर्यंत चार महिने त्यांनी दूधच काय, ताकही सोडले होते. विकर तेच, बुरशी तीच. चुकले ते फक्त नाव. वेष्टन दाखवून लॅक्टेज हा शब्द व एकके कोठे पाहावयाची हे समजाविल्यावर त्यांनी देशात मिळणारी गोळी स्वतः शोधून काढली, आणि आज ती त्यांना तितकाच गुण देते.

म्हणून वेष्टनावर पुढील गोष्टी पाहाव्यात. पहिली, घटकांत ‘लॅक्टेज’ हा शब्द स्पष्ट आहे काय. ‘लॅक्टो’ने आरंभ होणारी नावे फसवी असतात. लॅक्टोज ही खुद्द शर्करा. लॅक्टिक ॲसिड बॅसिलस हे जिवाणू. आणि लॅक्ट्युलोज हे तर मलबद्धतेवरील सारक औषध, ते द्रवमल आणखी वाढवील! दुसरी, एकके दिली आहेत काय. केवळ मिलिग्रॅम दिले असतील, तर त्या चूर्णाचे दर ग्रॅमास बल किती हे छापलेले असले पाहिजे. एका ग्रॅमास १,००,००० एकके असल्यास ९० मिलिग्रॅम म्हणजे ९००० एकके; एका ग्रॅमास १०,००० असल्यास तेवढ्याच वजनात ९०० एकके. बल दिलेले नसल्यास ती वस्तू घेऊ नये. तिसरी, दिलेला आकडा एका गोळीचा की दोन-तीन गोळ्यांच्या ‘एका मात्रेचा’, हे पाहावे. चौथी, निर्माता व विक्रेता ही दोन्ही नावे वाचावीत. एकाच कारखान्यात बनलेली वस्तू निरनिराळ्या नावांनी व निरनिराळ्या किमतींस विकली जाणे ही आपल्या बाजारातील नित्याची गोष्ट आहे. पाचवी, आहारपूरकावर चौदा अंकी परवाना क्रमांक, मुदत आणि शाकाहारी रुग्णासाठी हिरवे चिन्ह आहे ना, हे पाहावे; विकर बुरशीचे असले तरी कॅप्सूलचे कवच प्राणिज जिलेटिनचे असू शकते.

गोळीवाचूनचे मार्ग

ग्रहणीविकारात तक्राची थोरवी आपल्या शास्त्राने गायिली आहे. दीपन, ग्राही व लघु असे तक्र दुग्धशर्करेच्या दृष्टीनेही हितकर ठरते. ज्यांना दूध पुन्हा सुरू करावयाचे आहे, त्यांच्यासाठी सूत्रस्थानातील पादांशिक क्रम उपयोगी पडतो. जेवणाबरोबर पाव पेला दुधाने आरंभ करावा, चार-पाच दिवस सोसले तर पाव पेला वाढवावा, त्रास झाल्यास एक पायरी मागे यावे. नियमित अल्प मात्रेने मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा समुदाय बदलतो व लक्षणे सौम्य होतात, हे आधुनिक अभ्यासांतही आढळले आहे. लॅक्टेज मात्र त्याने वाढत नाही, हे रुग्णास सांगावे. सवय सुटली की सहनशक्तीही ओसरते. दूध पूर्ण सोडणाऱ्यांच्या बाबतीत चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, पुरवठ्याची काळजी घ्यावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळातील प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक असते. नाचणीची आंबील व तिळाची चटणी यांना गोळीही लागत नाही.

सावधगिरी

दुधातील प्रथिनांची ॲलर्जी हा निराळा विकार आहे. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे असल्यास लॅक्टेज निरुपयोगी असून तिच्या भरवशावर दूध घेणे प्राणावर बेतू शकते. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारातही गोळी देऊ नये, कारण तिने मुक्त होणारे गॅलॅक्टोजच तेथे घातक असते. प्रमेही रुग्णास सांगावे की गोळीने शर्करा नाहीशी होत नाही, ती शोषली जाते. पेलाभर दुधातील १० ग्रॅम शर्करा आहाराच्या हिशेबात धरावी लागते. बुरशीची ॲलर्जी असणाऱ्यांनी प्रथम सावधपणे घ्यावी. तान्हे बाळ रडते म्हणून लॅक्टेजचे थेंब आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि त्या संशयावरून स्तनपान तर कदापि थांबवू नये; बाळाचे वजन वाढत नसल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

समारोप

निदान पक्के झाले, आहाराचा हिशेब झाला आणि तरीही गोळी हवी असे ठरले, तर प्रथम पेलाभर दुधाबरोबर ४५०० एकके देऊन पाहावे. लक्षणे न उद्भवल्यास ३००० वर यावे. उद्भवल्यास ९००० पर्यंत जावे. त्यानेही गुण न आल्यास गोळी बदलण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. कमीत कमी गुणकारी मात्रा सापडली की ती रुग्णाच्या कागदावर नोंदवावी, म्हणजे पुढील खरेदी त्याच आकड्यावर होईल.

चिठ्ठीवर व्यापारी नाव लिहू नये. ‘लॅक्टेज, ४५०० एफसीसी एकके, दुग्धयुक्त आहाराच्या पहिल्या घासाबरोबर, गरजेपुरती’ एवढे लिहावे आणि खाली रुग्णाला कळेल अशा अक्षरांत ‘डायस्टेज-पेप्सिन नव्हे, लॅक्ट्युलोज नव्हे’ असे जोडावे. या दोन ओळींनी रुग्णाचे पैसे वाचतील आणि ज्याला दूध हवे आहे त्याला ते निर्धास्तपणे घेता येईल.